ग्रुपवर सगळं येतं, पोराचं शिकणं सोडून

मी शाळकरी मुलांची समुपदेशक. प्राथमिकच्या पालकांकडून मला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी असते: "मॅडम, शाळेत नक्की काय शिकवतात ते आम्हाला कळतच नाही. बाईंना विचारलं की म्हणतात, छान आहे, घरी थोडा अभ्यास घ्या. आता घ्यायचा म्हणजे काय घ्यायचा?" पहिली घटक चाचणी तोंडावर आली की असे फोन वाढतात.

त्यातलंच हे एक घर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. राहायला नाशिकच्या सिडकोत, वडील अंबडच्या कारखान्यात शिफ्टला, मुलगा मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत दुसरीला. आई त्याला घेऊन आली ती पोटदुखीसाठी. बालरोगतज्ज्ञांनी तपासून काही नाही असं सांगितलं होतं. दुखणं सुरू व्हायचं ते संध्याकाळी दप्तर उघडलं की.

बोलता बोलता तिने वर्गाचा ग्रुपच उघडून पुढे केला. उद्या पांढरा गणवेश. सहा ते दहा पाढे पाठ करून घेणे. आधार कार्डाची झेरॉक्स आणावी. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मग कुणीतरी आपल्या लेकीच्या वहीचा मोत्यासारख्या अक्षरातला फोटो टाकलेला. "बघा ना, हिचं सगळं झालंय. आमचं अजून वजाबाकीवरच अडलंय."

माझं स्पष्ट मत आहे की पालकांना माहिती कमी मिळते असं नाही, भलतीच मिळते. दिवसभर फोन वाजत असतो. काय आणायचं, काय भरायचं, कधी यायचं हे सगळं कळतं, पण मूल कुठवर आलंय आणि कुठे अडलंय याचं अक्षरही त्यात नसतं. ती रिकामी जागा मग दुसऱ्याच्या वहीचे फोटो भरून काढतात.

वही मागवली. एका पानावर ५२ मधून २७ वजा करायचे होते. बाजूला मुलाने उभ्या काड्या काढलेल्या, दहा-दहांना गोल केलेला. ते सगळं आईने खोडरबरने पुसलेलं, इतकं जोर लावून की कागद खरवडून पलीकडची शाई दिसत होती. वर तिच्या हाताने मांडणी, 'हातचा'सकट. मुलगा म्हणाला, "बाई असं नाही सांगत." आई म्हणाली, "मग कसं सांगतात ते तरी सांग." त्यावर त्याने खांदे उडवले. घरी रोज संध्याकाळी हेच चालायचं.

आईची आणखी एक तक्रार होती. तो ५२ ला 'पन्नास दोन' म्हणतो. "बावन्नसुद्धा येत नाही त्याला!" मी विचारलं, तर त्याला बावन्न येत होतं. मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहिताना पाच आधी लिहायचा असतो, म्हणून या वयात ५२ चे २५ होणं नेहमीचंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या वाचनाबरोबर असं सुटं वाचनही आलं, तेव्हा विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत त्याची टिंगल झाली. टिंगल सगळ्यांपर्यंत पोहोचली, कारण मात्र फार थोड्यांपर्यंत. या आईपर्यंत तर ते पोहोचलंच नव्हतं.

माझ्याकडे आइस्क्रीमच्या काड्या असतात. त्याच्यासमोर दहा-दहाचे पाच गठ्ठे ठेवले, दोन काड्या सुट्या. म्हटलं, सत्तावीस काढून दे. त्याने सुट्या दोन बघितल्या, एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि सरळ म्हणाला, "एक गठ्ठा सोडला. आता बारा सुट्या." त्यातल्या सात बाजूला केल्या, दोन गठ्ठे बाजूला केले आणि उरलेल्या मोजून सांगितलं, "वीस पाच. पंचवीस." आई बघतच राहिली. तिने हातचा घेतला म्हणजे तिनेही गठ्ठाच सोडला होता, पण तो गठ्ठा तिने कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तिच्या शाळेत दाखवलाच नव्हता कुणी.

हे शाळेकडून कळायला हवं होतं का? हवं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. त्यात पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण त्याच कायद्याचा प्राथमिकचा हिशेब तीस मुलांमागे एक शिक्षक असा आहे आणि या वर्गात पंचेचाळीसच्या पुढे मुलं होती. बाईंनी रोज प्रत्येक घरी फोन करावा अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही.

मी आईला एवढंच सुचवलं, की शाळा सुटताना फाटकाशी विचारू नका, तिथे 'छान आहे' हेच उत्तर मिळणार. दहा मिनिटांची वेळ मागून घ्या. मार्कांचं आणि कितवा आला हे विचारू नका. सध्या वर्गात काय चाललंय, तो ते कसं करतो, कुठे अडतो आणि घरी आम्ही काय करू नये, एवढंच विचारा. शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला.

वडिलांची सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळ मोकळी. परिपाठाआधीची वेळ मिळाली आणि दोघं जोडीने गेले. बाईंनी नोंदवही उघडली. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक नोंदी ठेवाव्या लागतात, रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, स्वाध्याय वगैरे. पुष्कळ ठिकाणी त्या सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरल्या जातात, हे कुणाला सांगायला नको. या बाईंच्या मात्र खऱ्या होत्या. 'काड्यांनी वजाबाकी बिनचूक. साहित्य काढून घेतलं की गोंधळतो. समजून वाचतो, पण आवाज लहान.' वडील म्हणाले, "आमच्याकडेही दहाचंच पॅकिंग असतं, बॉक्स फोडल्याशिवाय सुटा पीस निघत नाही." बाईंनी ते उदाहरण त्याच आठवड्यात वर्गात वापरलं म्हणे.

आईने विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" बाई म्हणाल्या, "सगळे मार्क विचारतात हो. हे कुणी विचारत नाही." दोघींचंही खरं होतं.

पुढे बाईंनी स्वतःहून एक केलं. शनिवारी ग्रुपवर तीन ओळी टाकायला लागल्या. एक नमुना आईने मला पाठवला: 'या आठवड्यात गठ्ठा सोडून वजाबाकी केली. घरी मुलांना काड्या किंवा दहाच्या नोटा-नाणी देऊन करून दाखवायला सांगा. मांडणी आम्ही वर्गात घेऊ, घरी शिकवू नका.' खाली उत्तरं टाकायची नाहीत असंही ठरलं. वहीचे फोटो त्यामुळे आपोआप थांबले.

घरात आता वजाबाकीची जागा पवननगरच्या भाजी बाजाराने घेतली आहे. पन्नासची नोट, बत्तीसची भाजी, परत किती? चुकला तर आई गप्प राहते, आणि हे तिला फार जड जातं, असं तीच सांगते. पोटदुखी कमी झाली आहे. अधूनमधून रविवारी संध्याकाळी डोकं वर काढते, त्यावर आमचं काम चालू आहे.

आमच्या बाई वेळच देत नाहीत, असं म्हणणारेही पालक भेटतात. त्यांनी आधी डायरीत दोन ओळी लिहून वेळ मागावी. तोंडी निरोप हरवतो, लिहिलेलं सहसा नाही. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर मुख्याध्यापकांना भेटावं. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथे तक्रार घेऊन जाण्यापेक्षा मागणी घेऊन जा: दर शनिवारी तीन ओळी, वर्गात काय झालं आणि घरी काय करू नये.