आजोबांची 1971 ची फियाट आणि मामांची 1986 ची पद्मिनी स्क्रॅप धोरणात भंगारात द्यावी लागेल का?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात दारात फियाट 1100 डी आणि प्रीमियर पद्मिनी उभ्या आहेत, फियाटचं आरसी बुक अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे, पासिंग संपून 3 वर्षं झालीत आणि घरचे म्हणतात, '15 वर्षांचा नियम आलाय, देऊन टाका भंगारात.'

देऊ नका. तो '15 वर्षांचा नियम' म्हणजे दोन-तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागापुरती. हरित लवादाचा 2015 चा आदेश, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेला. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या गाड्या मोडीत निघतात त्या सरकारी मालकीच्या. 13 ऑगस्ट 2021 ला जाहीर झालेल्या धोरणात खासगी गाडीसाठी निकष वयाचा नाही, फिटनेसचा आहे. चाचणीत नापास झाली तरी दुरुस्ती करून पुन्हा चाचणी देता येते.

जुन्या गाड्यांचे मालक चिडलेत ते मुख्यतः खर्चावर. कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारला 10,000. परदेशातून आणलेली कार असेल तर 80,000. हा खर्च दर पाच वर्षांनी, पर्यावरण कर वेगळा. वर्षाला चारशे-पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीवर हा भार अन्यायाचा आहे, असं मलाही ठामपणे वाटतं. दर किलोमीटरमागे फियाट आजच्या बीएस-6 (सध्याचं प्रदूषण मानक) गाडीपेक्षा जास्त धूर सोडते हे खरंच. पण ती फिरते किती, हे कुणी मोजतच नाही.

आता कागद, कारण जुनी गाडी गंजाआधी कागदांनी मरते. आधी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. जुन्या तीन अक्षरी मालिकेतल्या बऱ्याच गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. तसं असेल तर मूळ आरसी बुक घेऊन विजापूर रोडच्या आरटीओत जाऊन ती 'बॅकलॉग' नोंद आधी करून घ्या. तोवर ऑनलाइन अर्जही पुढे सरकत नाही आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटीही मागवता येत नाही. मग फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यानंतर फॉर्म 25 वर नूतनीकरण. उशिराचं शुल्क कारला महिन्याला 500 रुपये, म्हणजे 36 महिन्यांचे 18,000. दर महिन्याला वाढतंय, म्हणून थांबू नका. पद्मिनीची मुदतही आजच तपासा; संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो.

तपासणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो नंबरांचा. चासी नंबरावर रंग आणि गंज बसलेला असतो, आणि गॅरेजवाला घाईत ग्राइंडर मारतो. तसं अजिबात करू देऊ नका. घासलेला नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि तिथून सुटका अवघड. रॉकेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने साफ करा, मग कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या. इंजिन नंबर आरसीशी अंक-अंक ताडून बघा. त्या काळात अनेक फियाटींत दुसरी इंजिनं चढली, डिझेलसुद्धा, आणि बुकात नोंद कुणी केली नाही.

पीयूसीला या वयाच्या पेट्रोल कारसाठी आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएम ही मर्यादा आहे. चांगल्या ट्यूनिंगची फियाट यात आरामात बसते. क्रम मात्र पाळा: एअर फिल्टर, प्लग (गॅप साधारण 0.6 मिमी), डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (गॅप साधारण 0.45 मिमी), टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू. सीओ जास्त आला तर आधी चोक पूर्ण परत जातोय का बघा; केबल अडकलेली असते आणि लोक जेट बदलत बसतात. त्यानंतर फ्लोटची पातळी. हायड्रोकार्बन जास्त असेल तर मिसफायर किंवा ऑइल जळतंय. चाचणीआधी गाडी 15 मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा.

3 वर्षं उभी असलेल्या गाडीचे ब्रेक बहुतेक बसलेले असतात. चारही ड्रम काढा, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरची रबरं बदला, जुनं ऑइल सगळं काढून नवं डॉट 3 भरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्याने सिलिंडर आतून खड्डे पडून गंजतो. असा सिलिंडर नुसतं रबर बदलून टिकत नाही, अख्खा बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. पंपावरच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि बॉनेटखाली गळती म्हणजे आग. वायटनच्या (इथेनॉल सोसणारं रबर) नळ्या आणि टाकीनंतर एक फिल्टर बसवा. सोलापूरच्या मे महिन्यात गाडीतल्या फ्युएल पंपाजवळ पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, म्हणून नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या.

फियाटला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण हवीत आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. फी 20,000, मुदत 10 वर्षं, पुढचं नूतनीकरण 5,000. जुना नंबर ठेवता येतो. 'व्हीए' मालिका नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या गाडीसाठी आहे. पण अट नीट वाचा: रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. गुरुवारी सगळे मिळून अक्कलकोटला जाऊन येऊ, हे त्यात बसत नाही. गाडी फिरवायची असेल तर साधं नूतनीकरणच करा.

पद्मिनीची पंचाईत वेगळी. तिला 50 वर्षं 2036 मध्ये होतील. तोवर तिच्यासाठी कायद्यात 'क्लासिक' असा वर्गच नाही. फीच्या हिशेबात ती कुठल्याही जुन्या खटाऱ्याबरोबर. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिवा 30 वर्षांवरच्या जपलेल्या गाडीला ऐतिहासिक मानतो, ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ आहे. आपल्याकडेही 30 ची रेषा हवी, ही मालकांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते. प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले; निदान या शहराने तरी ही गाडी किलोवर विकू नये.

तरीही एखादी द्यायचीच ठरली, तर गल्लीतल्या भंगारवाल्याला नको. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घ्या. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, आणि गाडी केंद्रात जमा केल्याचा पुरावाही राहतो. नाहीतर त्याच चासीवर उद्या कुणी दुसरी गाडी उभी केली, तर पोलीस तुमच्या दारात येतील.