चहाच्या सुट्टीत काढलेलं तिकीट

प्रिय आक्का,

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न केलेलं नाही. सहा वर्षं आमचा डबा एक. परवा चहाच्या सुट्टीत ती मोबाइलवर स्वस्त तिकिटं बघत होती. म्हणाली, "व्हिएतनामला, हनोईला जाऊया काय? तू नुसतं हो म्हण, मी काढतो." मी हो म्हणाले. दहा मिनिटांत तिच्या क्रेडिट कार्डावर दोघींची तिकिटं निघाली, माझ्या वाट्याचे 31 हजार. पुढच्या महिन्यात 17 ला विमान, 23 ला परत. साहेब दोघींना एकदम रजा देणार नाहीत, म्हणून ती म्हणते, "मी ताप सांगतो, तू तुझ्या आत्यांना ॲडमिट केलंय म्हणून सांग." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना अजून काहीच माहीत नाही. मिस्टर 'जा की' म्हणाले, पण तेव्हापासून गप्प गप्प आहेत. मुलगा सात वर्षांचा. लग्नाला नऊ वर्षं झाली. पासपोर्ट लग्नाआधी काढला होता, एकदाही वापरलेला नाही. मैत्रिणीची आई दिवाळीनंतर वारली, चार वर्षं अंथरुणाला होती, सगळं हिनंच केलं. आता मी माघार घेतली तर तिला काय वाटेल? आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंय. मी स्वार्थी आहे का?

– राजारामपुरीतली एक

पोरी,

नऊ वर्षांत एकदा सात दिवस. याला स्वार्थ म्हणायचं तर दर पावसाळ्यात मित्रांबरोबर गोव्याला पळणाऱ्या निम्म्या कोल्हापूरला काय म्हणायचं? तो विषय इथंच सोडू.

तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी अडले ते पासपोर्टच्या वाक्यावर. लग्नाआधीचा म्हणजे निदान नऊ वर्षांचा. त्याची मुदत असते दहा वर्षं, आणि व्हिएतनामला जायचं तर तो पुढं किमान सहा महिने चालू असावा लागतो. हिशेब तूच कर. दुसरं असं, की तिकीट दहा मिनिटांत निघालं तेव्हा पासपोर्ट तुझ्या घरी कपाटात होता. मग मैत्रिणीनं नाव कुठून टाइप केलं? हजेरीपटावरच्या सवयीनं, म्हणजे सासरचं. पासपोर्टवर असणार माहेरचं. विमानतळावर तिकीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बघतात, तिथं 'लग्न झालंय हो' हे स्पष्टीकरण चालत नाही. नाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, हा आपला तीन मजली प्रकार तर अशा ठिकाणी हमखास घात करतो.

म्हणून आज रात्री पोरगा झोपला की कपाट उघड. मुदत कमी भरली तर पासपोर्ट नव्यानं काढायला घाल. साधी फी 1,500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी 2,000. अर्ज ऑनलाइन भरायचा. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रामुळं आता त्या कामासाठी पुणं गाठावं लागत नाही, पण आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो, आणि मधे पोलीस पडताळणी धरली तर तुझ्या हातातले चार-पाच आठवडे काही फार नाहीत. आडनाव बदलून घ्यायचं की माहेरचंच ठेवायचं हे तू ठरव. लग्नानंतर ते बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. फक्त तिकिटाच्या सोयीसाठी आडनाव बदलू नकोस, तिकिटावरचं नाव दुरुस्त होतं का हे आधी विमान कंपनीला विचार. व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका वेळच्या प्रवेशाला 25 डॉलर, पण त्यावर पासपोर्टचा नंबर लागतो, त्यामुळं तो नवा पासपोर्ट हातात आल्यावरच. आणि त्यांच्या सरकारच्या वेबसाइटवरूनच भर. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या दुकानांचा तिथं बाजार भरलाय.

आता तापाकडं येऊ.

अकाउंट्सची माणसं तुम्ही. 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला विक्रीचं विवरण जीएसटीआर-1, 20 ला जीएसटी भरायचं विवरण 3बी. तुम्ही दोघी 17 ते 23 गायब होणार, म्हणजे 20 तारीख बरोबर मधे. तिकीट काढताना दोघींपैकी एकीलाही हे दिसलं नाही, यावरून ते काढताना किती मजा आली असेल ते मला कळतं. पण त्या दिवशी एकीला ताप आणि दुसरीची सासू दवाखान्यात, हे साहेबांना पटेल असं तुला खरंच वाटतं? हे कोल्हापूर आहे. महाद्वार रोडवर शिंकलं तर रंकाळ्यावर 'सर्दी झाली काय?' म्हणून विचारतात. साहेबांच्या घरच्या कुणीतरी तुझ्या आत्यांना अंबाबाईच्या रांगेत ठणठणीत उभं बघितलं, की संपलं. शिवाय बरं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कागदावर आजारी पाडणं मला स्वतःला आवडत नाही. याला कुणी अंधश्रद्धा म्हणालं तर म्हणू दे.

साहेबांना उद्याच सांग. दोघी मिळून जा. "आम्ही सहलीला चाललोय, तिकिटं निघालीत, 3बीचं काम 16 तारखेपर्यंत करून ठेवतो, फायलिंगला बसणाऱ्याला सगळं समजावून देतो." पाच आठवडे आधी सांगितलेल्या रजेला नाही म्हणणं साहेबांनाही अवघड जातं. तरीही नाही म्हणाले, तर तारीख बदलायचे पैसे भरावे लागतील, तेवढे भरा. रजा मोजताना विमानाच्या तारखा मोजू नका. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं तर 16 च्या रात्रीच निघायला लागेल, आणि 24 ला तुम्ही टेबलावर असाल, पण कामाच्या नसाल. आणखी एक, खरं सांगून गेलात तर येताना ऑफिसला कॉफी आणता येईल. जगात ब्राझीलच्या खालोखाल कॉफी तिथंच पिकते. तापाच्या रजेवरून कुणी कॉफी आणत नाही.

हे सगळं निस्तरता येण्यासारखं आहे. मला काळजी वाटते ती मैत्रिणीच्या बाबतीत, आणि त्याबद्दल तू पत्रात जवळजवळ काहीच लिहिलेलं नाहीस.

सहा वर्षं डबा एक. म्हणजे तिला भाकरी आवडते की चपाती, कोणत्या साहेबाचा तिला राग येतो, कशावर ती हसते हे तुला माहीत आहे. पण ती रात्री कधी झोपते? दिवा लावून झोपते का? बाहेर गेल्यावर पैसा सोडते की धरून ठेवते? थकली की चिडते की गप्प होते? ही मुक्कामाची ओळख, आणि ती डब्यातून होत नाही.

मी बँकेत होते तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीबरोबर काठमांडूला गेले होते. आमच्या वेळचा परदेश तेवढाच, त्याला पासपोर्टही लागत नव्हता आणि मधे समुद्रही नव्हता. ती पहाटे पाचला उठून मोठ्यांदा स्तोत्रं म्हणायची. मी रात्री बारापर्यंत वाचत बसायचे. चहाचे पैसे प्रत्येक वेळी मीच देते असं मला वाटायचं, रिक्षाचे प्रत्येक वेळी तीच देते असं तिला वाटायचं, आणि दोघीही मोठ्या मनाच्या, म्हणून बोलायचो नाही. चौथ्या दिवशी पोखऱ्यात, समोर अन्नपूर्णेची बर्फाची रांग, आणि आम्ही पंख्यावरून भांडलो. खरं तर भांडण पंख्याचं नव्हतंच. परत आल्यावर दीड महिना आम्ही एकमेकींशी बोललो नाही. टोकन मी द्यायचे, रोख ती द्यायची, आणि मधे वहीची ने-आण शिपाई करायचा. त्या बिचाऱ्याला वाटलं आमच्यात पैशाची अफरातफर झालीय.

शाळेतल्या मैत्रिणीशी सहलीत बिनसलं तर वर्षभर भेटलं नाही तरी चालतं. तुझी मैत्रीण 24 ला सकाळी तुझ्या शेजारीच बसणार आहे.

त्यात हिची गोष्ट आणखी वेगळी. चार वर्षं ऑफिस सुटलं की धावत घरी, औषधं, अंघोळ, रात्रीची जागरणं. आता घरी वाट बघणारं कुणी नाही. चहाच्या सुट्टीत दहा मिनिटांत तिकीट काढणारी बाई स्वस्त भाड्यामुळं हुरळली, असं तुला वाटतं का? तिला हनोईच हवंय असं मला वाटत नाही. पाचनंतर रिकाम्या घरी जायचं नाही, एवढंच असावं. अशी माणसं घरी रडत नाहीत, कारण तिथं सवय झालेली असते. परक्या गावी एखाद्या संध्याकाळी, तिथल्या 'हा-लाँग' खाडीत बोटीवर सगळे फोटो काढत असताना, अचानक रडतात. तेव्हा 'अगं, एवढे पैसे खर्चून आलोय' असं म्हणू नकोस. शेजारी बसून राहा. आणि दुसऱ्या दिवशी ती उत्साहानं पाच ठिकाणं ठरवेल आणि तू दमलेली असशील, तेव्हा 'तू जा, मी खोलीवर थांबतो' असं तिच्याच भाषेत म्हणायला लाजू नकोस. सात दिवसांत एक दुपार तरी दोघी वेगवेगळ्या फिरा. हे इथंच ठरवून जा. तिथं ठरवायला गेलं की ते रुसणं वाटतं.

तुझे 31 हजार तिच्या कार्डाचं बिल येण्याआधी तिला दे. 'देईन गं' नको. उधारीवर आलेल्या माणसाला तिथं कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता येत नाही. खोली दोन वेगळ्या बेडची घ्या. रोजच्या खर्चाला एक सामाईक पाकीट करा, दोघींनी सारखे पैसे टाकायचे, खाणं, टॅक्सी, बोट त्यातून. खरेदी टीटीएमएम, तुझं तू, माझं मी. तिथल्या चलनात 5 लाखांची एकच नोट असते, आपल्याकडं तिची किंमत दोन हजारांच्या आतच. मोठे आकडे बघून बावचळायला होतं, पण रोज संध्याकाळी टॅली करायला तुम्हा दोघींना कुणी शिकवायला नको. मैत्रीण शाकाहारी असेल तर तिथं बऱ्याच जेवणात माशाचा सॉस असतो हे आधीच सांग. गंमत म्हणजे शाकाहारीला तिकडं 'चाय' म्हणतात, पाटीवर तो शब्द शोधा, चहा मिळेल म्हणून आत शिरू नका.

घरचं राहिलं. आत्यांना तू स्वतः सांग, मिस्टरांच्या तोंडून नको, आणि परवानगी मागितल्यासारखं नको. मुलाचा डबा कोण करणार, शाळेचे रिक्षामामा किती वाजता येतात, हे ठरवूनच सांग. मिस्टर गप्प आहेत ते तुझ्यावर रागावून, का सात दिवस पोराला एकट्यानं सांभाळायचं या धास्तीनं, हे मला इथून दिसत नाही. विचार त्यांना. माझा अंदाज दुसऱ्यावर आहे.

आणि हनोईच्या आधी या शनिवारी दोघी पन्हाळ्याला मुक्कामाला जा. वीस-बावीस किलोमीटर, एक रात्र, एकच खोली. पहिलं भांडण तिथंच उरकलं तर स्वस्तात पडेल. जाताना दोघींचे पासपोर्ट बरोबर घ्या आणि तिकिटाची प्रिंट. जेवण झालं की ते समोरासमोर ठेवा आणि एक जण वाचेल, दुसरी टिक करेल, ऑडिटच्या आधी व्हाउचर लावता ना, तसं एकेक अक्षर लावून बघा.

– तुझी आक्का