रोहूच्या जनुकांवर काम सुरू करताय? आधी टाकीकडे बघा

विषय उत्तम निवडलात. नव्या खाद्याने रोहूची रोगप्रतिकारशक्ती बदलते का, हे जनुकांच्या अभिव्यक्तीतून, म्हणजे कोणतं जनुक किती काम करतंय यावरून, खरंच कळू शकतं. पण असे बरेच प्रयोग यंत्रावर नाही, टाकीजवळच बिघडतात.

- जाळ्यात धडपडलेल्या माशाचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक काही मिनिटांत वाढतं आणि मागोमाग ताणाशी निगडित जनुकांची अभिव्यक्तीही बदलते. पकडल्या पकडल्या भूल द्या. शेवटच्या खाद्याची वेळ आणि पकडण्याची पद्धत सगळ्या टाक्यांना सारखीच ठेवा.
- आरएनए, म्हणजे जनुकाची मोजायची प्रत, चटकन तुटतो. यकृत, प्लीहा यांचे तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. लगेच आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका.
- एका टाकीतले १० मासे म्हणजे १० स्वतंत्र नमुने नव्हेत. खाद्य टाकीला दिलंय, म्हणून प्रत्येक खाद्याला निदान ३ टाक्या हव्यातच. ही चूक नंतर कुठल्याही गणिताने सुधारत नाही.
- तुलनेसाठी फक्त बीटा-ॲक्टिन या एका जनुकावर विसंबू नका. दोन-तीन संदर्भ जनुकं, म्हणजे खाद्य बदललं तरी ज्यांची पातळी स्थिर राहते अशी जनुकं, तपासून घ्या.

आणि जनुकाची अभिव्यक्ती वाढली म्हणजे मासा सुधारला, असं लिहू नका. इंटरल्यूकिन-१ बीटा हे रोगप्रतिकाराचं जनुक वाढणं हे आतड्याच्या दाहाचंही लक्षण असू शकतं. वजन, खाद्य रूपांतरण गुणोत्तर (किती खाद्यात किती वजन वाढलं) आणि जगण्याचं प्रमाण सोबत मोजाच. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेचा जयंती रोहू हा सुधारित वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला तो पिढ्यान्‌पिढ्या वाढ मोजून केलेल्या निवडीमुळे.

आरएनए सीक्वेन्सिंगच्या (सगळ्या जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजण्याच्या) मागे आत्ता लागू नका. पाच-सहा जनुकांचं क्यूपीसीआर (निवडक जनुकांची अभिव्यक्ती मोजायची चाचणी) आधी पक्कं बसू द्या. त्यासाठी लागणारे प्राइमर (हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) निवडताना अडलात तर जरूर विचारा.