पायथॉनच्या रेगेक्समध्ये मराठी शब्द तुटतात त्याचं कारण

तुमचा रेगेक्स पॅटर्न (मजकुरात शोधायचा नमुना) चुकलेला नाही. शब्द पकडायला बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (\w+) लावल्यावर ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात म्हणताय ना, ते पायथॉनच्या ‘आरई’ (re) या रेगेक्सच्या मॉड्यूलमुळेच होतं. त्याच्या लेखी अक्षर किंवा आकडा असेल (आणि अंडरस्कोर) तोच शब्दाचा भाग. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाण यादीत) आपले काना, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही अक्षरं धरलेली नाहीत, ती ‘मार्क’ या वेगळ्या गटात येतात, त्यामुळे मात्रा आली की शब्द तिथेच संपला असं त्याला वाटतं. ‘विद्यार्थी’चे तर पाच तुकडे होतात, व, द, य, र, थ.

पण याहून जास्त काळजी शब्दाची सीमा शोधणारा बॅकस्लॅश बी (\b) वापरताना घ्या, कारण तिथे चूक पटकन दिसत नाही. मी एकदा आडनावांच्या यादीत शोधत होतो, कदम सापडले, पवार सापडले, आणि जोशी, माळी, कुलकर्णी एकही नाही! शेवटी वेलांटी आहे ना, मग तिच्या पुढे स्पेस आली तरी त्याला शब्दाची सीमा दिसतच नाही. उलट ‘कदमांचे’ मध्ये म नंतर काना आला की तिथे सीमा धरून ‘कदम’ सापडला म्हणून सांगतो. दोन दिवस मी डेटाच खराब आहे समजून तो तपासत बसलो होतो.

‘आरई’च वापरायचं असेल तर रेंज स्वतः द्या:

[ऀ-ॣ]+

अख्खा देवनागरी ब्लॉक घेऊ नका, त्यात दंड (।) पण येतो आणि तो शब्दाला चिकटतो. आकडे हवे असतील तर ०-९ वेगळे जोडा. सीमेसाठी हे:

(?<![ऀ-ॣ])जोशी(?![ऀ-ॣ])

पिप (पायथॉनची मॉड्यूल्स टाकायचं साधन) वरून ‘रेगेक्स’ (regex) नावाचं वेगळं मॉड्यूल टाकता आलं तर मी तेच सुचवेन, त्यात बॅकस्लॅश डब्ल्यू मात्रांसकट शब्द पकडतो, आणि बॅकस्लॅश मोठा एक्स (\X) लावला की ‘ठी’ हे एकच अक्षर म्हणून मिळतं.

अजून एक, ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र लोक दोन प्रकारे टाइप करतात, कोणी नुक्त्याचा ऱ वापरून, कोणी साधा र, हलंत आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण मॅच होत नाहीत, युनिकोड नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी) करूनही नाही, आणि तो जॉइनर वरच्या रेंजच्याही बाहेर आहे. म्हणून शोधायच्या आधीच रिप्लेस मारून सगळे ऱ वाले करून घ्या.