लेकीला न्यू जर्सीत आमदार व्हायचंय, पॅकेज किती?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. अशी केस माझ्याकडे रोज येत नाही हो. मुलीचा जन्म न्यू जर्सीतल्या एडिसनचा, ती तीन वर्षांची असताना तुम्ही पुण्याला परत आलात, आता ती सतरा वर्षांची, अकरावी आर्ट्सला, आणि म्हणते मला न्यू जर्सीच्या असेम्ब्लीत, म्हणजे तिथल्या विधानसभेत, निवडून यायचंय. बाबा म्हणतात फॅड आहे. तुम्ही विचारलंय डिग्री कोणती, एन्ट्रन्स असते का, पॅकेज किती.

पॅकेजपासूनच सुरू करू, बाबांना धास्ती त्याचीच असणार. अमेरिकेत ५० राज्यं आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. न्यू हॅम्पशायरमधे आमदाराला वर्षाला १०० डॉलर, हो शंभरच, माझ्याकडून शून्य राहिलेलं नाहीये, १८८९ मधे राज्याच्या घटनेत तसं लिहिलं गेलं ते अजून तसंच चाललंय आणि तरीही खालच्या सभागृहात ४०० जण हौसेने बसतात. टेक्सास एवढं अवाढव्य, तिथे महिन्याला ६०० डॉलर आणि वर भत्ता, नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा १४० दिवस. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क, वर्षाला १,४२,०००. तुमच्या न्यू जर्सीत कितीतरी वर्षं ४९,००० वर अडकलं होतं, २०२६ पासून ८२,००० झालंय. ऐकायला बरं वाटतं पण एडिसन भागातली घरं आणि प्रॉपर्टी टॅक्स तुम्हाला मी काय सांगू, आणि असेम्ब्लीची निवडणूक दर दोन वर्षांनी! म्हणून तिथे बरेचसे आमदार आपला कामधंदा सांभाळून हे करतात, कोणी वकील, कोणी शेतकरी, कोणी इन्शुरन्सवाला, कोणी रिटायर्ड शिक्षक. राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, कामकाज साधारण सोमवारी आणि गुरुवारी असतं, ते याच्यासाठीच सोयीचं पडतं.

एन्ट्रन्स नाही, डिग्रीची अट नाही. वय २१ पूर्ण, राज्यात दोन वर्षं आणि त्या मतदारसंघात एक वर्ष राहिलेलं, बास. सिनेटला, म्हणजे वरच्या सभागृहाला, मात्र ३० वय लागतं. नागरिकत्व तिचं जन्मापासूनच आहे, हे मोठं काम झालेलं आहे, तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या कोणी हे विचारलं असतं तर मी आधी ग्रीन कार्डाची रांग दाखवली असती.

आता मराठी माणसं तिथे कशी पोचली ते बघा म्हणजे बाबांनाही पटेल. कुमार बर्वे अकाउंटिंग शिकलेले, १९९० मधे मेरीलँडच्या विधिमंडळात निवडून आले, तिथल्या कुठल्याही राज्यात असे पहिले भारतीय वंशाचे तेच, आणि पुढे तीसेक वर्षं तिथेच. पण ते जन्मले-वाढले तिकडेच. तुमच्या लेकीने बघायला हवं ते स्वाती दांडेकरांकडे. नागपूरच्या. लग्न करून आयोवात गेल्या, १९९६ मधे गावच्या स्कूल बोर्डावर आल्या, तिथे सहा वर्षं शाळांचं बजेट, बसेस, पालकांच्या तक्रारी हे सगळं केलं आणि मग २००२ मधे आयोवाच्या हाउसला, म्हणजे खालच्या सभागृहाला, उभ्या राहिल्या. तेव्हा विरोधी उमेदवाराने ईमेल केला होता की ही बाई भारतात वाढली, ही आयोवाचे कायदे काय करणार, अशा अर्थाचा. तरी त्या जिंकल्या, कारण मतदार त्यांना आधीपासून ओळखत होते. हाच प्रश्न पुण्यात वाढलेल्या तुमच्या मुलीला शंभर टक्के येणार, आणि जन्माचा दाखला दाखवून त्याचं उत्तर होत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, आमदारकीला करिअर धरू नका, आधी पोटाचा धंदा आणि एक गाव धरा. गाव म्हणजे खरंच एक गाव, नोकरी बदलली की राज्य बदललं असं आपल्या आयटीवाल्यांसारखं करून चालणार नाही. तिथे प्रचार म्हणजे हातात मतदारांची यादी घेऊन दारोदार हिंडणं, बेल वाजवायची, एक मिनिटात नाव सांगायचं, कुत्रा भुंकत असतो, निम्मे लोक दार उघडत नाहीत. आणि संध्याकाळी फोन करून डोनेशन मागायचं. तिला हे पैसे मागणं जमेल का ते आत्ताच बघा, गणपतीत सोसायटीची वर्गणी गोळा करायला पाठवा, मी चेष्टा करत नाहीये.

शिक्षणाचं म्हणाल तर रटगर्स युनिव्हर्सिटी बघा, एडिसनपासून जवळच, आणि तिथे ईगलटन ही राजकारणाची संस्था आहे. पॉलिटिकल सायन्स चालेल पण सोबत अकाउंटिंग किंवा पुढे लॉ हवंच, नुसत्या पॉलिटिकल सायन्सवर घरभाडं निघत नाही. कॉलेजात असताना एखाद्या आमदाराच्या मतदारसंघातल्या ऑफिसात इंटर्नशिप करू दे, लायसन्स अडकलंय, बेकारी भत्ता आला नाही असले फोन घेतले की अर्धं काम कळतं, आणि आवडलं नाही तर तेही लवकर कळतं.

फीचं एक लक्षात ठेवा. ती नागरिक असली तरी तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे सुरुवातीला तिला बाहेरच्या राज्यातल्या मुलांचीच फी लागेल, ती बरीच जास्त असते. सरकारी स्टुडंट एडला मात्र ती अर्ज करू शकते, तो फॉर्म सोडू नका.

आणि तिचा अमेरिकन पासपोर्ट काढून बघा. सोळाच्या आत काढलेला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, बहुतेक संपला असेल, तर बीकेसीच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट आधी घ्या, बाकीचं मग बोलू.