गाणे डोळ्यांना दाखवणारा दिग्दर्शक

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि मित्रांच्या गाण्यांचे व्हिडिओ चित्रित करण्यात दिवसच्या दिवस घालवतो. काही बोलायला गेले की 'मिशेल गाँद्री यांचीही सुरुवात अशीच झाली' असे मला ऐकवतो. हे गाँद्री कोण, आणि अशा व्हिडिओंमधून खरोखरच चित्रपट दिग्दर्शक घडतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला मुलगा सांगतो ते खरे आहे. गाँद्री यांचा जन्म १९६३ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे झाला. त्यांचे आजोबा कॉन्स्तां मार्तँ हे क्लेव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्याचे जनक, आणि ते वाद्य आपल्यालाही परके नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातल्या ज्या बिनेवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या डोलल्या, ती कल्याणजींनी क्लेव्हायोलिनवरच वाजवली होती. नातू मात्र ड्रमवादक झाला. 'वी वी' नावाच्या मित्रमंडळींच्या बँडमध्ये तो ड्रम वाजवत असे आणि बँडच्या गाण्यांचे व्हिडिओही स्वतःच करत असे. त्यांपैकी एक आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिच्या पाहण्यात आला, तिने बोलावून घेतले, आणि १९९३ साली तिच्या 'ह्यूमन बिहेविअर' या गाण्यापासून दोघांची दीर्घ सोबत सुरू झाली.

ताल हातात असलेला माणूस कॅमेऱ्यामागे उभा राहिला की काय घडते, हे 'डाफ्ट पंक' या संगीतकार जोडीच्या 'अराउंड द वर्ल्ड' या १९९७ च्या व्हिडिओत दिसते. गाण्याला शब्द तीनच, तेच पुन्हा पुन्हा येणारे. गाँद्री यांनी त्यातला एकेक आवाज वेगळा काढला आणि प्रत्येकाला माणसे नेमून दिली. गोल मंचावर फिरणारे यंत्रमानव म्हणजे गाणारा आवाज. पायऱ्या चढणारे-उतरणारे उंच खेळाडू म्हणजे बास गिटारची वर-खाली जाणारी सुरावट. पोहण्याच्या वेशातल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार आणि पट्ट्या गुंडाळलेल्या ममी म्हणजे ताल. नृत्यरचना ब्लांका ली यांची होती. हा व्हिडिओ एकदा नीट पाहिल्यावर पुढच्या वेळी नुसते गाणे ऐकले तरी बास कुठे चालला आहे ते कानाला आपोआप कळू लागते, आणि माझ्या मते या माध्यमाने इतके सोपे आणि इतके खोल काम क्वचितच केले आहे. अशा कामाला महागडी साधने नंतर लागतात. आधी लागते ती मात्रा न् मात्रा मोजत गाणे ऐकण्याची चिकाटी.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. व्हिडिओमधून चित्रपटात जाण्याचा रस्ता आहे, पण तो सरळ नाही. गाँद्री यांचा पहिला चित्रपट २००१ साली आला, म्हणजे ब्यॉर्कच्या त्या गाण्यानंतर आठ वर्षांनी, आणि तो फारसा चाललाही नाही. 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' हा २००४ चा चित्रपट मात्र जगभर गाजला. त्याच्या कथेसाठी चार्ली कॉफमन आणि प्येर बिस्मुथ यांच्यासह गाँद्री यांना मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. प्रेयसीच्या आठवणी मेंदूतून पुसून घेणाऱ्या माणसाची ही गोष्ट. त्यात नायक बालपणीच्या आठवणीत शिरतो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली लहान मुलाएवढा होऊन बसतो. हे संगणकावर केलेले नाही. कॅमेऱ्याजवळचा भाग नेहमीच्या मापाचा आणि दूरचा भाग अवाढव्य असे स्वयंपाकघरच बांधून घेतले आणि नायकाची भूमिका करणाऱ्या जिम कॅरी यांना त्या दूरच्या भागात बसवले. दुसऱ्या एका प्रसंगात नायक स्वतःलाच डॉक्टरसमोर बसलेला पाहतो. तिथे कॅमेरा वळेपर्यंत कॅरी त्याच्यामागून धावत जाऊन, कपडे बदलून दुसऱ्या जागी हजर होत. अशा हातच्या करामती गाँद्री यांनी व्हिडिओंमध्येच घोटून घेतल्या होत्या, आणि चित्रपटात त्यांना माणसाच्या दुःखाची जोड मिळाली. ही जोड देणारी पटकथा हाताशी नसेल, तर करामत नुसती करामतच राहते. त्यांच्या नंतरच्या काही चित्रपटांत मला ही उणीव जाणवते.

म्हणून मुलाला व्हिडिओ करू द्यावेत, पण त्याने लिहिणाऱ्या एखाद्या मित्राचीही गाठ घालून घ्यावी. पुढच्या गाण्याला हात घालण्यापूर्वी आलेखाच्या कागदावर त्या गाण्याची एकेक मात्रा मांडून कोणता आवाज कुठे येतो ते त्याने लिहून काढावे, आणि तो कागद आपणही त्याच्या शेजारी बसून, गाणे लावून वाचून पाहावा.