मुलांना मोबाईल येतोच, मग शाळेने आणखी काय शिकवायचं?

मुलगी नववीत आहे, घरात सगळ्यांना मोबाईल तीच शिकवते, मग शाळेने डिजिटल साक्षरतेवर वेळ का घालवायचा, असं तुम्ही विचारलंय. निफाड तालुक्यातल्या शाळेत मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. माझं मत स्पष्ट आहे: वेळ द्यायलाच हवा, आणि तो कॉम्प्युटरच्या तासापुरता नको.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याला निर्यातबंदी होती. १८ फेब्रुवारी २०२४ ला ती उठल्याच्या बातम्या आल्या आणि गावोगावच्या ग्रुपवर फिरल्या. लासलगावला १७ तारखेला क्विंटलला १२८० रुपये असलेला भाव १९ ला १८०० वर गेला. २० ला केंद्राने सांगितलं, बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. (पुढे ती वाढवली आणि मे महिन्यात उठवली.) हे सगळं मी फळ्यावर तारीखवार लिहिते आणि विचारते, बंदी उठली हे नक्की कशावरून ठरतं? शोधता शोधता मुलं विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेपर्यंत पोचतात. तिचा क्रमांक आणि तारीख दिसत नाही तोवर ती नुसती चर्चा. ज्यांच्या घरचा कांदा त्या आठवड्यात ट्रॉलीत होता, ती मुलं हे विसरत नाहीत.

दुसरी गोष्ट फॉर्मची. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. दिवसभर रील्स पाहणारी मुलं हा फॉर्म मात्र झेरॉक्सच्या दुकानात भरून घेतात. मोबाईल नंबर दुकानदाराचा, ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड एका चिठ्ठीवर. पुढच्या फेरीत पसंतीक्रम बदलायचा म्हटलं की ती चिठ्ठी सापडत नाही. शाळेने दहावीच्या मुलांना लॅबमध्ये बसवून प्रत्येकाकडून स्वतःचा फॉर्म भरून घ्यावा. लॉक करण्याआधी प्रत्येक पान वाचायला लावावं. यात शिकण्यासारखं खूप काही आहे.

ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी एखादं प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करणं ६२ टक्क्यांनाच माहीत होतं. उरलेल्या मुलांची मला खरी काळजी वाटते. कुणी फोटोवरून धमकावलं तर मुली घरी बोलत नाहीत, कारण पहिल्यांदा मोबाईल काढून घेतला जातो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते आणि मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, हे वर्गात सांगायलाच हवं. पैशांची फसवणूक झाली तर १९३०.

येत्या पालकसभेत शाळेला विचारा, असं काही घडलं तर मुलांनी कोणत्या बाईंकडे किंवा सरांकडे जायचं हे ठरलंय का. आणि तुमच्या मुलीला आजच सांगा, तू येऊन सांगितलंस म्हणून मोबाईल काढून घेणार नाही.